व्याही 'सरकार', पाहुणे 'सर', मग पत्रिकेत काय छापू?

प्रश्न: ताई, मुलीचं लग्न ठरलंय. दोघं ऐरोलीला एकाच कंपनीत आहेत, मुलगा एकदम साधा आहे, पण त्याचं घर म्हणजे साताऱ्याकडचं जुनं सरदार घराणं. आम्ही गेलो तेव्हा तिथे सगळे एकमेकांना दादासाहेब, आईसाहेब, सरकार म्हणत होते, सहा वर्षाच्या पोराला सुद्धा 'आपण जेवलात का?' मी होणाऱ्या विहीणबाईंना सवयीने 'अहो वहिनी' म्हटलं तर सगळे माझ्याकडे बघायलाच लागले. आता पत्रिका छापायचीय. त्यांच्या नावाआधी हिज हायनेस लिहायचं, महाराज लिहायचं की श्रीमंत? समोर गेलं की मुजरा करायचा का? त्यात मुलाचे काका लंडनला असतात, त्यांचे बिझनेस पार्टनर 'सर' आहेत, तिकडच्या राणीकडून मिळालेलं, ते बायकोला घेऊन येतायत. त्यांचं काय? आणि आमचे मिस्टर म्हणतायत की आपलंही कुलकर्णी वतन होतं, आपणही 'वतनदार' छापू. मला खरंच झोप लागत नाहीये.
– एक होणारी विहीण, घोडबंदर रोड, ठाणे

विहीणबाई, आधी अभिनंदन, आणि झोपा हो, एवढं काही नाहीये. सगळ्यात सोपं ते आधी उरकते. हिज हायनेस छापू नका. ते त्यांचं कधी नव्हतंच.

हे जरा नीट सांगते कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. आपल्याला वाटतं वाडा आहे, भिंतीवर तलवारी आहेत, म्हणजे 'राजे', म्हणजे 'महाराज', सगळं एकच. तसं नसतं. संस्थानिक वेगळा, सरदार वेगळा, जहागीरदार इनामदार देशमुख अजून वेगळे. संस्थानिक म्हणजे ज्याचं स्वतःचं राज्य होतं आणि इंग्रजांनी ज्याला तसं मानलं होतं. त्यांच्यातही इंग्रजांनी तोफांच्या सलामीवरून पायऱ्या पाडलेल्या, बडोदा आणि ग्वाल्हेर २१ तोफा, कोल्हापूर १९, आणि आपल्या ठाण्याजवळचं जव्हार, म्हणजे जे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलं, पावसाळ्यात तुम्ही जय विलास पॅलेसच्या पुढे उभं राहून फोटो काढले असतील ना, ते मुकण्यांचं जव्हार, त्यांना ९. आणि हिज हायनेस म्हणवून घ्यायचं तर ११ किंवा जास्त तोफा लागायच्या. म्हणजे खुद्द जव्हारचे राजेसाहेब सुद्धा त्या यादीत बसत नव्हते, आणि तुमच्या व्याह्यांच्या पणजोबांकडे जमिनी असतील, घोडी असतील, पागा असेल, पण राज्य नव्हतं. सरदार घराण्याला श्रीमंत म्हणतात, सरकार म्हणतात, पण महाराज म्हणायची पद्धत नाही, उगीच तसं छापलंत तर त्यांच्याच नात्यातले लोक पत्रिका बघून गालात हसतील, आणि ते हसणं व्याह्यांना तुमच्या 'वहिनी'पेक्षा जास्त लागेल.

तर पत्रिकेत 'श्रीमंत'. हा सगळ्यात सेफ शब्द आहे, पेशव्यांना लागत होता, सरदारांना लागतो, पुण्यात दगडूशेठ गणपतीला पण लागतो, कुणाचं काही बिघडत नाही. बाईंच्या नावाआधी 'श्रीमंत सौ.' असं लिहायची रीत आहे. नवऱ्या मुलाला तुमच्याकडून साधं 'चि.' बास. युवराज लिहू नका, युवराज म्हणजे गादीचा वारस, आणि इथे गादी नाहीये. आजी असतील तर त्यांना कौतुकाने राजमाता करून टाकू नका, तो मान राजगादीवर बसलेल्याच्या आईचा. आणि 'छत्रपती' हा शब्द तर आपल्याकडे दोनच गाद्यांचा, सातारा आणि कोल्हापूर, तो कुठल्याही भोसल्यांना किंवा साताऱ्याकडच्या कुणालाही आदर म्हणून चिकटवायचा नसतो. प्रिंटरकडे तयार मजकूर असतो, त्यात हे सगळे शब्द आधीच भरलेले असतात आणि तो म्हणतो, 'मॅडम भारी दिसतं.' त्याचं ऐकू नका.

अजून एक खाचखळगा आहे. काही घराण्यांमध्ये 'राजे' हे नावातच असतं, उदयनराजे, शिवेंद्रराजे, संभाजीराजे, ते आधार कार्डावरही तसंच असू शकतं. तेव्हा जावयांच्या नावात राजे असेल तर ते पूर्ण लिहा, आणि नसेल तर लावू नका. आणि नावात असेल तर परत पुढे राजेसाहेब नको, नाहीतर दोन दोन राजे होतात.

उलट काही हुद्देच आडनावासारखे होऊन बसलेत. शिवाजी महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक केला तेव्हा अष्टप्रधानांची पदं ठरवली, अमात्य, सचिव, सुमंत, सेनापती वगैरे. पुढे ती वंशपरंपरेने चालायला लागली आणि घराण्याला चिकटली. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य, औंधचे पंतप्रतिनिधी (हे प्रतिनिधीपद नंतर राजाराम महाराजांच्या काळातलं), अलिबागकडच्या आंग्र्यांचं सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. असं काही तुमच्या व्याह्यांच्या नावात असेल तर ते किताब म्हणून पुढे न लावता आडनाव जिथे येतं तिथेच येऊ द्या.

आता कायद्याचं. हे मिस्टरांना वाचून दाखवा, कारण त्यांना त्यातलं जास्त कळेल आणि थोडं टोचेलही. आपल्या घटनेचं कलम १८ आहे, सरकार कुणाला किताब देणार नाही, सैन्यातले आणि शिक्षणातले सोडून, आणि भारतीय नागरिकाने परदेशी सरकारकडून किताब घ्यायचा नाही. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे सरकारकडून दरवर्षी मिळणारे पैसे, आणि मान्यता मात्र तरीही चालू होती, कारण विलीनीकरणाच्या वेळी तसा शब्द दिलेला. इंदिराबाईंच्या सरकारने १९७० ला राष्ट्रपतींच्या आदेशाने ती मान्यता काढली, सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, मग सरकारने १९७१ च्या डिसेंबरात २६वी घटनादुरुस्ती आणली आणि तनखे आणि मान्यता दोन्ही एका झटक्यात गेलं. तेव्हापासून कायद्याने भारतात कुणीही राजा नाही. कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि साताऱ्याचे उदयनराजे दोघेही २०२४ ला लोकसभेवर निवडून गेले, तिथे त्यांचा अधिकार आहे तो खासदार म्हणून, गादीचा मान आहे तो लोक देतात म्हणून. पद्म पुरस्कारांचंही तसंच. सुप्रीम कोर्टाने १९९५ ला सांगितलं की हे पुरस्कार आहेत, किताब नाहीत, नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. तरी आपल्या पत्रिकांवर 'पद्मश्री अमुक तमुक यांच्या शुभाशीर्वादाने' दिसतंच. तुमच्या पाहुण्यांत कुणी असेल तर नाव साधं लिहा, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

याचा तुम्हाला प्रत्यक्षात उपयोग एवढाच, की पत्रिकेत आणि बोलण्यात श्रीमंत म्हणा, दादासाहेब म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म भरताना दोन्हीकडची नावं आधार आणि पासपोर्टवर आहेत तश्शीच लिहा. तिथे एक 'श्रीमंत' जास्त पडला की मुलीला पुढे प्रत्येक ऑफिसात दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करत बसावं लागेल.

आणि मिस्टरांचं वतन. त्यांना सांगा, कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने बंद झाली. पाटलांची थोडी जास्त टिकली, त्यांच्यासाठी १९६२ चा कायदा यावा लागला. म्हणजे ज्या गोष्टीला सत्तर वर्षं होऊन गेली ती आता लेकीच्या पत्रिकेत काढायची, ती पण फक्त समोरच्यांकडे 'श्रीमंत' आहे म्हणून. मला यात वतनाचा अभिमान कमी आणि मुलीकडचे म्हणून आपण खाली दिसू ही धाकधूक जास्त दिसते. ते साहजिक आहे, पण इलाज तो नाही. 'श्री. व सौ.' एवढंच ठसठशीत छापा. त्याच्यासमोर 'श्रीमंत' आलं तरी ते लहान दिसत नाही. 'वतनदार' छापलंत की मात्र दिसेल.

आता बोलायचं कसं. तुम्ही वहिनी म्हटलंत यात अपमान काहीच नव्हता, ठाण्यात आपण भाजीवालीला पण वहिनी म्हणतो आणि डॉक्टरीणबाईंना पण. पण या घरांमध्ये प्रत्येक माणसाला घरातलं एक ठरलेलं नाव असतं, आबासाहेब, दादासाहेब, बाळासाहेब, आक्कासाहेब, काकीसाहेब, आणि बाहेरचे पण तेच वापरतात. म्हणून स्वतःच्या मनाने काही ठरवू नका. जावयाला विचारा, 'तुमच्या आईंना सगळे काय म्हणतात?' तो म्हणेल 'आईसाहेब' किंवा 'वहिनीसाहेब' किंवा अजून काही. मग चारचौघांत तेच म्हणा. (गंमत बघा, वहिनीला 'साहेब' लागलं असतं तर कदाचित कुणी मान वळवून बघितलंही नसतं.) दोघीच असाल तेव्हा 'विहीणबाई' म्हणा, त्या नात्याला कुठलंही घराणं नाही म्हणू शकत नाही. व्याह्यांना 'दादासाहेब' म्हणत असतील तर दादासाहेब, पण 'सरकार' म्हणू नका. सरकार हे त्यांच्याकडे कामाला असलेले लोक म्हणतात, गावातले लोक म्हणतात, घरातले लाडाने म्हणतात. तुम्ही यातलं कुणीच नाही, तुम्ही व्याही आहात.

'आपण'चं मात्र धरा. तिथे नवरा बायकोला आणि आई मुलाला पण अहो-जाहो करते, त्यात लांबपणा नसतो, ती त्यांची घरातली भाषाच आहे. तुम्ही पहिल्या काही भेटींत 'आपण' म्हणा, मग त्या स्वतः 'तुम्ही'वर आल्या की तुम्हीही या. जावयाला 'तुम्ही' पुरे, तसंही आपल्याकडे घराणं असो नसो प्रत्येकच जावई जावईराजे असतो. आणि लेकीला एक सांगून ठेवा, तिने नवऱ्याला ऑफिसात जे 'ए' म्हणतेय ते सासरच्या चौकात म्हणू नये, एकांतात काय म्हणायचं ते त्यांचं ते बघतील.

मुजरा नाही करायचा. मुजरा दरबारातला, गादीसमोरचा, कमरेत वाकून हात कपाळाकडे न्यायचा तो, आणि आता तो बघायला मिळतो तो गडावरच्या सोहळ्यात नाहीतर सिरियलमध्ये. मुलीची आई विहिणीला मुजरा करते अशी पद्धत कुठल्याच घराण्यात नाही. दोन्ही हात जोडून नमस्कार, वयाने मोठं कुणी असेल तर वाकून, तेही तुम्हाला वाटलं तर. लग्नाच्या दिवशी व्याहीभेट असते ना, दोन्ही बाजूचे पुरुष हार घालून एकमेकांना मिठी मारतात, त्यात कोण वाकतं का? मिस्टरांना हे नक्की सांगा, त्यांची छाती आपोआप फुगेल आणि वतनाचा विषय सुटेल.

आता लंडनचे 'सर'. इथे नियम पक्के आहेत म्हणून उलट सोपं आहे. 'सर' नेहमी पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. समजा त्यांचं नाव जॉन स्मिथ, तर ते सर जॉन स्मिथ, हाक मारताना सर जॉन. 'सर स्मिथ' हे चूक, आणि 'मिस्टर सर जॉन' हे तर अजिबातच नको. क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळतं, सर डोनाल्ड, सर गारफिल्ड, सर व्हिव्ह. इंटरनेटवरचे 'सर जडेजा' सुद्धा खरं तर सर रवींद्र व्हायला पाहिजे होते, पण मीमला कोण नियम लावणार. पत्र किंवा मेल लिहायचा तर 'डिअर सर जॉन'. ठाण्यातल्या हॉलवर तुमचे भाचे पुतणे त्यांना 'जॉन सर' म्हणतील, क्लासच्या सरांना म्हणतात तसं, तर म्हणू द्या, त्यांना आवडेलच.

बायकोचं मात्र उलटं आहे. ती 'लेडी' आणि पुढे आडनाव, लेडी स्मिथ. 'लेडी मेरी स्मिथ' लिहिलंत तर त्याचा अर्थ होतो की ती मोठ्या उमरावाची जन्मलेली मुलगी आहे, अर्लची, मार्क्वेसची किंवा ड्यूकची. टेबलवर नावाची कार्डं ठेवणार असाल किंवा वेलकम बोर्ड करणार असाल तर 'सर जॉन अँड लेडी स्मिथ' एवढंच. मुंबईने हा नियम केव्हाच आपल्या पद्धतीने वाकवलाय ते सोडा. जमशेटजी जीजीभॉय १८४२ ला 'सर' झाले, १८५७ ला बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारं 'सर'), ज्यांच्या नावाने जेजे हॉस्पिटल आहे ते, आणि त्यांच्या बायकोने, आवाबाईंनी माहीम कॉजवेला पैसे दिले म्हणून रस्त्याला नाव दिलं लेडी जमशेटजी रोड. नियमाने लेडी जीजीभॉय पाहिजे होतं, इथे नवऱ्याचं पहिलं नावच लागलं. आपण एलजे रोड म्हणून मोकळे होतो.

हाच जन्माने आलेलं आणि लग्नाने आलेलं यातला फरक राजघराण्यातही चालतो. प्रिन्सेस अ‍ॅन जन्माने म्हणून प्रिन्सेस आणि लगेच नाव. डायनाला सगळं जग प्रिन्सेस डायना म्हणायचं पण नियमाने ती 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' होती, आणि घटस्फोटानंतर 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स'. आणि बाईला स्वतःच्या कर्तृत्वावर 'डेम', म्हणजे 'सर'च्या जोडीचा बायकांचा किताब, मिळालं तर तिच्या नवऱ्याला काहीच मिळत नाही, तो बिचारा मिस्टरच राहतो.

पण छापायच्या आधी काकांना एक विचारा, पार्टनरना नक्की काय मिळालंय. कारण ओबीई, एमबीई हे खालच्या पायरीचे ब्रिटिश सन्मान मिळाले असतील तर नावाआधी 'सर' लागत नाही, ती अक्षरं फक्त नावानंतर येतात. आणि ब्रिटनच्या राजाचं राज्य जिथे नाही अशा देशाचा नागरिक असेल, म्हणजे आपल्यासारखा, तर त्याला मिळतं ते मानद, त्यालाही 'सर' लावता येत नाही. रतन टाटांना मानद जीबीई, म्हणजे त्याच सन्मानांतली सगळ्यात वरची पायरी, होतं तरी ते कधी सर रतन टाटा नव्हते. आता तुम्ही म्हणाल सर रतन टाटा ट्रस्ट आहे की, तर ते जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव, १९१६ ला सर झालेले, वेगळे गृहस्थ. व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांची रोज सरमिसळ होते.

लॉर्ड कुणी येणार नाहीये असं धरते, पण काकांचा गोतावळा मोठा असेल तर सांगून ठेवते, लॉर्डला पहिलं नाव लागत नाही, किताबाचंच नाव लागतं. हार्बरने सीएसएमटीला जाताना रे रोड आणि सँडहर्स्ट रोड लागतात ना, दोघेही मुंबईचे गव्हर्नर. रे साहेबांचं खरं नाव डोनाल्ड मॅके, सँडहर्स्ट साहेबांचं विल्यम मॅन्सफील्ड, पण कुणी लॉर्ड मॅके किंवा लॉर्ड विल्यम म्हटलं नाही. इयन बोथम २००७ ला सर इयन झाला आणि २०२० ला लॉर्ड बोथम, नाव गेलं आडनाव आलं. मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन सगळ्यांना तोंडावर लॉर्ड अमुकच म्हणतात, फक्त ड्यूकला लॉर्ड म्हणत नाहीत, त्याला 'युअर ग्रेस' किंवा नुसतं ड्यूक. राजाला पहिल्यांदा 'युअर मॅजेस्टी' आणि मग 'सर', पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये राजे चार्ल्स काही अडकायला येत नाहीत.

राहिलं एकच, जे तुम्ही विचारलं नाहीये पण होणार आहे. तुम्ही अँकर बुक केला असेल. हल्ली नवरदेवाच्या एन्ट्रीला तुतारी वाजते आणि अँकर गारद, म्हणजे राजाच्या बिरुदांची ललकारी, सुरू करतो, 'क्षत्रियकुलावतंस, सिंहासनाधीश्वर' वगैरे. ती गारद छत्रपती शिवाजी महाराजांची आहे. कुठल्याही नवऱ्या मुलाला ती लावणं मला तरी अजिबात पटत नाही, आणि तुमचे व्याही त्याच मातीतले, त्यांच्या पूर्वजांनी त्या गादीची चाकरी केलेली, त्यांना तर ते फारच खटकेल. तुतारी वाजू दे, गारद नको, आणि हे अँकरला आत्ताच स्पष्ट सांगा, ऐनवेळी माईक त्याच्या हातात असतो. त्याला एक कागद पण द्या, त्यात कोणाचं नाव कसं घ्यायचं ते मोठ्या अक्षरात, सर जॉन आणि लेडी स्मिथसकट.

आणि पत्रिकेचं प्रूफ आलं की मुलाकडच्या नावांचा भाग फोटो काढून जावयाला पाठवा, 'घरच्यांना दाखवून ओके कळवा' म्हणून. ओके लेखी आलं की मगच छापायला द्या.